माती, उंची आणि माणूस



मुंबईकडून येणारी कोकण रेल्वेची गाडी मडुरे स्थानक सोडते आणि पेडणे स्थानक येण्यापूर्वी एका बोगद्यात शिरते. बोगदा काही फार लांब नाही, सुमारे दीड किलोमीटरचा. खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला क्षणभर अंधार दिसतो, चाकांचा आवाज मोठा होतो, आणि पुन्हा उजेड, पुन्हा झाडे. आपल्यापैकी पुष्कळांनी हा प्रवास केला असेल. त्या अंधाराची किंमत मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

कोकण रेल्वेचे काम १९९० मध्ये सुरू झाले. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग, आणि त्यावर नव्वदांहून अधिक बोगदे. बहुतेक बोगदे कठीण कातळातून गेले. कातळ फोडावयास कठीण खरा, परंतु एकदा फोडला की तो आपल्या जागी उभा राहतो. खरी कसोटी लागली ती मऊ मातीतून गेलेल्या नऊ बोगद्यांत, आणि आपल्या पेडण्याचा बोगदा त्यांपैकी एक. पाण्याने तुडुंब भिजलेली चिकण माती खणावी, तो वरची माती खाली यावी. पुन्हा खणावे, पुन्हा ढासळावे. मोठी यंत्रे तेथे निरुपयोगी ठरली. हातांनी, थोडे थोडे खणून, लगोलग आधार देत पुढे सरकावे लागले. मार्गाचा उरलेला भाग तयार झाला तरी पेडण्याची माती काही केल्या वाट देईना. अखेर १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला. या नऊ बोगद्यांपायी चार वर्षे खर्ची पडली आणि एकोणीस माणसे गेली. सबंध मार्गाच्या बांधणीत चौऱ्याहत्तर. रत्नागिरीला त्यांचे स्मारक आहे.

बरे, बोगदा बांधून झाला म्हणून माती शांत झाली असेही नाही. ऑगस्ट २०२० मध्ये ऐन पावसाळ्यात याच बोगद्याच्या भिंतीचा भाग कोसळला आणि गाड्या दुसऱ्या मार्गाने वळवाव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये बोगद्यात पाणी आणि चिखल शिरून पुन्हा वाहतूक बंद पडली.

मी इंजिनियर नव्हे. इतिहास आणि मराठी हे माझे विषय, आणि पदवीही कला शाखेची. तरीही या विषयावर लिहावयास बसले आहे, त्याला एक घरगुती कारण आहे. ते यथाक्रम सांगेन. आधी आपण मातीचा स्वभाव समजून घेऊ, कारण तो कळल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

घरी किंवा शाळेच्या आवारात थोडी वाळू मिळाली तर एक प्रयोग करून पाहा. कोरडी वाळू ओंजळीतून हळूहळू एकाच जागी सोडा. तिची रास होईल. कितीही वाळू ओतलीत तरी राशीचा उतार एका मर्यादेपलीकडे उभा होत नाही. साधारण तीस ते पस्तीस अंशांवर वाळू घसरू लागते. आता तीच वाळू थोडी ओलसर करा. आश्चर्य असे की, ओल्या वाळूची भिंत सरळ उभी राहते; समुद्रकिनाऱ्यावर किल्ले करताना हे आपण सर्वांनी अनुभवलेले आहे. आता त्या भिंतीच्या मुळाशी तांब्याभर पाणी हळूहळू सोडा. भिंत आधी थोडी फुगते, तिच्या माथ्यावर बारीकशी चीर पडते, आणि मग एकाएकी सगळी बसते.

या प्रयोगातील मधली पायरीच घातक आहे. कोरडी वाळू कोणाला फसवीत नाही. ती उभीच राहत नाही, म्हणून तिच्या शेजारी कोणी निर्धास्त उभा राहत नाही. चिखलही फसवीत नाही. ओलसर माती मात्र दिवसभर, कधी दोन दिवस, भिंतीसारखी उभी राहते, आणि तिच्यावर विश्वास टाकून माणूस खाली उतरतो.

आपल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील भूमी तर या बाबतीत दुहेरी फसवी. वर जांभ्याचा कठीण थर. त्याचे चिरे काढून आपण घरे बांधतो, तुळशीवृंदावने बांधतो, आणि 'आमची जमीन दगडासारखी' असे अभिमानाने म्हणतो. परंतु पुष्कळ ठिकाणी या जांभ्याखाली मऊ, चिकट, पांढरट किंवा पिवळट मातीचा थर असतो. वरचा जांभा सच्छिद्र, पावसाचे पाणी त्यातून झिरपून खालच्या मातीपर्यंत जाते, आणि वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या आपल्या प्रदेशात त्या पाण्याला तोटा नाही. वरचे कवच जसेच्या तसे दिसते. आत मात्र लोणी झालेले असते.

हे मला प्रथम कोणी शिकवले, तर माझ्या वडिलांनी. माझे माहेर डिचोली तालुक्यातले. वडील तेथील एका लोहखनिजाच्या खाणीवर हजेरी कारकून होते. मी पाचवी-सहावीत असताना एकदा त्यांनी मला खाण दाखवावयास नेले. दूर काठावर, कुंपणाबाहेर उभे राहून मी तो प्रचंड खड्डा पाहिला आणि मला वाटले, हे एखाद्या राक्षसाचे प्रेक्षागृह आहे. कारण खड्ड्याच्या चारी बाजूंना वरपासून खालपर्यंत पायऱ्याच पायऱ्या होत्या. मी विचारले, "बाबा, एवढ्या मोठ्या पायऱ्या कोणासाठी?" ते हसले आणि म्हणाले, "मातीसाठी." मग त्यांनी समजावून सांगितले. सरळ उभा कडा तोडला तर तो एकदम खाली येतो. पायऱ्या तोडल्या तर वरची पायरी ढासळली तरी ती खालच्या पायरीवर अडते, तळाशी काम करणाऱ्या माणसापर्यंत पोचत नाही. शेवटी ते कोकणीत म्हणाले, "गो बाय, दोंगर सांगून पडटा." डोंगर पडण्यापूर्वी सांगतो; काठाशी समांतर चीर पडते, बारीक खडे सुटू लागतात, पायथा फुगतो, कोरड्या जागी पाणी पाझरू लागते, काठावरचे झाड किंचित कलते. ऐकणारा कोणी पाहिजे.

पुढे मोठेपणी मला कळले की, वडिलांनी सांगितलेली गोष्ट ही निव्वळ अनुभवाची नव्हती, ती कायद्याचीही होती. खाणींचा कायदा १९५२ चा. त्याखालील धातुखाणींच्या १९६१ च्या विनियमांत असे घातले होते की, मऊ माती, मुरूम किंवा भर असेल तेथे बाजू ४५ अंशांहून अधिक उभी ठेवू नये. नाही तर पायऱ्या कराव्यात, पायरीची उंची दीड मीटरहून अधिक नसावी आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नसावी. आपल्याकडील खाणी २०१२ मध्ये थांबल्या, पुढे काही काळ चालून २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, आणि २०२४ मध्ये डिचोलीत पुन्हा खनिज निघू लागले. खाणींनी आपल्या डोंगरांचे, शेतांचे आणि झऱ्यांचे काय केले याविषयी मतभेद आहेत, माझेही मत आहे, पण तो वेगळा लेख होईल. पायऱ्यांचा नियम मात्र कोणीही उचलावा असा आहे.

आता ते घरगुती कारण.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीस आम्ही घराच्या मागील बाजूस न्हाणीघर आणि सांडपाण्याची टाकी बांधावयास काढली. पाऊस तोंडावर आलेला, म्हणून घाई. गवंडी गावचाच, हाताचा चांगला. त्याने कर्नाटकातून आलेले दोन मजूर आणले. माझे यजमान नोकरीनिमित्त बाहेरगावी, तेव्हा कामावर देखरेख माझी. खड्डा आठ फूट खोल नेला. बाजू सरळ उभ्या, कारण उतार दिला असता तर माडाच्या मुळांशी आणि शेजारच्या कुंपणाशी प्रश्न आला असता. उपसलेली माती काठावरच रचली. दूर टाकावयाची तर दर घमेल्यामागे दहा पावले अधिक चालावे लागते. आदल्या रात्री वळवाची एक सर येऊन गेली होती.

सकाळी नऊच्या सुमारास मी मागच्या दारी गेले तेव्हा मातीच्या ढिगापासून हातभर अंतरावर जमिनीत एक चीर दिसली. काठाशी समांतर, बोट जाईल न जाईल एवढी. मला वडील आठवले. अगदी स्पष्ट आठवले. आणि तरीही मी काही बोलले नाही. गवंडी पंचवीस वर्षे हे काम करतो, त्याला मी, एका शिक्षिकेने, काय सांगावे? काम थांबवले तर दिवस वाया जाईल, मजुरी मात्र द्यावीच लागेल. हाही विचार मनात आला, तो लपविण्यात अर्थ नाही. मी आत गेले आणि चहा ठेवला.

दहा वाजता चहा झाला म्हणून खड्ड्यातल्या मजुराला वर बोलावले. तो शिडीने वर आला, पडवीच्या पायरीवर बसला, आणि पेला त्याच्या हातात असतानाच मागे भाताचे पोते दाणकन आपटावे तसा आवाज झाला. काठाची ती बाजू, ढिगासकट, खाली बसली होती. खड्ड्यात त्याचे फावडे राहिले होते. ते वर काढावयास तिघा माणसांना सव्वा तास लागला. मी चहा खबरदारी म्हणून दिला नव्हता. चहाची वेळ झाली होती, इतकेच.

नंतर मी हिशेब केला. एक घनमीटर ओली माती सरासरी दीड ते पावणेदोन टन भरते. पडलेली माती दोन घनमीटर तरी असावी, म्हणजे तीन टनांहून अधिक. एका लहान मोटारीच्या दुपटीहून जास्त भार. पुष्कळांची अशी समजूत असते की, डोके वर राहिले म्हणजे माणूस वाचला. तसे नाही. छातीपर्यंत मातीत रुतलेल्या माणसाला श्वास घेता येत नाही. प्रत्येक उच्छ्वासाबरोबर माती अधिक आवळत जाते. काही मिनिटांचा अवकाश, आणि फावड्याला लागला सव्वा तास.

काय करावयास हवे होते? दीड मीटरपेक्षा खोल चर किंवा खड्डा असेल, तर तीनपैकी एक गोष्ट. बाजूंना उतार द्यावा. किंवा खाणीसारख्या पायऱ्या कराव्यात. किंवा जागा नसेल तर दोन्ही बाजूंना फळ्या लावून मध्ये आडवे वासे ठोकून बाजू सावरून धराव्यात. उपसलेली माती काठापासून निदान दीड मीटर दूर टाकावी, खड्डा त्याहून खोल असेल तर आणखी दूर. शिडी सदैव आत असावी. आणि पावसानंतर, दुसऱ्या कोणीही सांगण्यापूर्वी, एका जाणत्या माणसाने काठावरून फिरून पाहावे. यातील एकही गोष्ट महाग नाही.

यावर तुम्ही विचाराल, सरकार काय करते? प्रश्न योग्य आहे. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. सुरक्षिततेविषयीचे असे अनेक जुने कायदे एकत्र करून २०२० मध्ये व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता संमत झाली, आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. मोठ्या कामांवर शिरस्त्राण, कमरपट्टे, जाळ्या, प्रथमोपचार, तपासणी हे सर्व कायद्याने बंधनकारक आहे. मोपा पठारावरील विमानतळाचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले. ते काम चालू असताना तिकडून जाणाऱ्या-येणाऱ्यांनी रंगीत शिरस्त्राणे घातलेली माणसे पाहिली असतील. परंतु या संहितेत बांधकामाची व्याख्या करताना दहापेक्षा कमी कामगार असलेले काम वगळले आहे, आणि स्वतःच्या राहत्या घराचे पन्नास लाख रुपयांपर्यंतचे कामही वगळले आहे. म्हणजे माझ्या अंगणातील तो खड्डा, आणि आपल्या वाड्यावाड्यांवर चालणारी जवळजवळ सर्व कामे, या व्याख्येच्या बाहेरची. तेथे कोणी निरीक्षक यावयाचा नाही. तेथे इंजिनियर नाही, सुरक्षा अधिकारी नाही. काठावर उभे राहून पाहणारे असतात ते घरचे लोक, आणि पुष्कळदा शाळा सुटल्यावर घरी आलेली मुले. म्हणून हा लेख तुमच्यासाठी, आणि तुमच्या आईवडिलांसाठीही.

मातीनंतर उंचीचा विचार करू. येथे तुमचे विज्ञानाचे पुस्तक उपयोगी पडेल. वस्तू खाली पडताना तिचा वेग दर सेकंदाला सुमारे ९.८ मीटरने वाढतो. तीन मीटरवरून, म्हणजे साध्या एकमजली घराच्या स्लॅबवरून, पडणारा माणूस पाऊण सेकंदाच्या आसपास जमिनीवर येतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी सुमारे सत्तावीस किलोमीटर असतो. सहा मीटरवरून तो ताशी एकोणचाळीस होतो, दहा मीटरवरून पन्नास. पाऊण सेकंदात कोणी काही धरू शकत नाही. 'तोल गेला तर पटकन धरीन' हे म्हणणे व्यर्थ आहे. परांचीवर एकाच फळीऐवजी पुरेशी रुंद, बांधलेली बैठक हवी, कमरेच्या उंचीला आडवा कठडा हवा, आणि परांचीचे पाय मोकळ्या मातीवर किंवा रचलेल्या चिऱ्यांवर नव्हे तर पक्क्या फळीवर टेकलेले हवेत. आपल्याकडे गवंड्याला पोर्तुगीज आमदानीतला 'पेद्रेर' हा शब्दही आहे. हा पेद्रेर अनवाणी बांबूवर चढतो याचे आपल्याला केवढे कौतुक! माझ्या मते ते कौतुक नको.

या संदर्भात अमेरिकेतील एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल १९३३ ते १९३७ या काळात बांधला गेला. त्या काळी मोठ्या पुलापायी काही माणसे मरावयाचीच असे ठेकेदार उघडपणे धरून चालत. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस याने ते मानले नाही. त्याने पुलाखाली मोठे जाळे बांधले. त्या जाळ्यात पडून एकोणीस माणसे वाचली. आपल्या मऊ मातीच्या बोगद्यांत गेलेल्यांचा आकडाही एकोणीसच. योगायोग खरा, पण मनातून जात नाही. तेथेही सर्व सुखरूप झाले असे मात्र नव्हे. १७ फेब्रुवारी १९३७ रोजी एक परांची सुटली, तिच्या भाराने जाळे फाटले आणि दहा माणसे गेली. जाळे माणसांना झेलण्यासाठी होते, परांचीला नव्हे.

स्लॅबची गोष्ट आपल्या घरांत सर्वांत अधिक घडते आणि सर्वांत कमी समजते. ओल्या काँक्रीटचा एक घनमीटर सुमारे अडीच टन. चार मीटर रुंद आणि पाच मीटर लांब खोलीवर पंधरा सेंटिमीटर जाडीचा स्लॅब घातला की तीन घनमीटर काँक्रीट, म्हणजे साडेसात टन भार, खालच्या टेकूंवर उभा राहतो. पहिल्या दिवशी काँक्रीट स्वतःचा भारही पेलू शकत नाही. त्याला पूर्ण बळ यावयास चार आठवडे लागतात. साध्या सिमेंटच्या स्लॅबचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या अंतराला निदान सात दिवस आणि त्याहून मोठ्या अंतराला चौदा दिवस काढू नयेत. तुळयांना चौदा ते एकवीस दिवस. परंतु सेंटरिंगचे सामान भाड्याचे, भाडे दिवसावर चालते, आणि दुसऱ्या कामावर त्याची वाट पाहत असतात. तेव्हा पाचव्या दिवशी कोणीतरी म्हणतो, 'झाले की घट्ट.' वरून घट्ट दिसते खरे. येथेही वर कवच आणि आत कच्चेपणा, हीच गोष्ट.

इमारत कोसळणे म्हणजे काय हे गोव्याने ४ जानेवारी २०१४ रोजी काणकोणला पाहिले. चावडी येथे बांधकाम चालू असलेली एक बहुमजली इमारत दुपारी काम चालू असतानाच खाली आली. तीसहून अधिक माणसे गेली, बहुतेक बाहेरच्या राज्यांतून पोटासाठी आलेली. ढिगारा उपसण्याचे काम कित्येक दिवस चालले होते. त्या दिवसांतील वर्तमानपत्रांतून गेलेल्यांचा आकडा मोठ्या अक्षरांत असे. नावे शोधावी लागत. आपल्या घरी काम करणाऱ्याचे नाव तरी आपल्याला ठाऊक असते का, हे ज्याने त्याने स्वतःला विचारून पाहावे. माझे उत्तर त्या सकाळपर्यंत नकारार्थी होते.

विजेविषयी थोडक्यात सांगते. घरातील वीज २३० व्होल्टची, आणि तीस मिलिअँपिअरएवढा क्षुद्र प्रवाह शरीरातून गेला तरी तो प्राणघातक ठरू शकतो. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून उघड्या तारेचा पंप किंवा कटर चालविणे म्हणजे काय, हे यावरून ओळखावे. तीस मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी नावाचा खटका घरात बसवून घेण्यास आईवडिलांना सांगा. दुसरे असे की, गच्चीवर लांब सळई उभी करताना वर पाहावे. शेजारून जाणारी तार ११,००० व्होल्टची असू शकते, आणि तिला धक्का लागलाच पाहिजे असेही नाही. पुरेशी जवळ गेली तरी ठिणगी उडते.

विहिरीविषयी मात्र थांबून सांगितले पाहिजे, कारण येथे एकामागून एक माणसे जातात. एप्रिल-मे महिन्यांत पाणी आटले की विहिरीतील गाळ काढण्याची आपल्याकडे रीत आहे. बंद, खोल जागेत, कुजलेल्या पाल्याचोळ्यावर, हवेतील प्राणवायू कमी झालेला असतो किंवा विषारी वायू साचलेला असतो. सांडपाण्याच्या टाकीत तर निश्चितच. हवेत एरवी प्राणवायू शेकडा एकवीस असतो. तो दहाच्या खाली गेला की माणूस हाक मारण्यापूर्वी बेशुद्ध होतो. वरचा माणूस पाहतो की भाऊ पडला, आणि त्याला काढण्यासाठी उडी घेतो. तोही पडतो. मग तिसरा. पहिला अज्ञानाने गेला म्हणावा. पुढचे दोघे मायेने जातात. म्हणून, कितीही जवळचा माणूस असो, खाली उतरू नका. अग्निशामक दलाला १०१ वर आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ वर कळवा. पेडणे आणि डिचोली, दोन्ही ठिकाणी अग्निशामक केंद्र आहे. त्यांच्याकडे श्वासाची उपकरणे असतात, आपल्याकडे केवळ दोर असतो. जुनी माणसे विहिरीत कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर उतरू नये हे खरे. पण जळत राहिला म्हणजे उतरावे असे नव्हे, कारण सर्वच विषारी वायू ज्योत विझवीत नाहीत. आणि तळाशी पेट घेणारा वायू असेल तर ज्योतच घात करील.

आता माझ्या खड्ड्याकडे परत येते. त्या दिवशी काम थांबवले. गवंडी आधी थोडा रागावला, मग गप्प राहिला, आणि दुपारी स्वतःच जाऊन कापणीच्या गिरणीतून जुन्या फळ्या आणि वासे घेऊन आला. सर्व मिळून साडेतीन हजार रुपये आणि दीड दिवस. मजुराला मी नाव विचारले, गाव विचारले. त्याला तुमच्याएवढी दोन मुले होती. बांधकाम कामगार म्हणून कल्याण मंडळाकडे नोंदणी केली आहे का, असे विचारले तेव्हा असे काही मंडळ असते हेच त्याला माहीत नव्हते. अठरा ते साठ वर्षे वयाच्या आणि मागील वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केलेल्या कोणालाही ती करता येते. अर्ज मी भरून दिला. सही त्याने कानडीत केली, सुरेख वळणाची.

टाकी जूनच्या पहिल्या आठवड्यात पुरी झाली. तो मजूर तेथून मोपाच्या बाजूला कोठल्याशा कामावर गेला. फळ्या मात्र अजून आमच्या मागच्या पडवीत उभ्या आहेत. शेजारी कोणाचा खड्डा निघाला की गवंडी येतो आणि न विचारता घेऊन जातो. गेल्या पावसाळ्यापासून त्या तीन घरी जाऊन आल्या.